कालचं तिखलं

२०२३ चा दसरा मंगळवारी होता. म्हणजे दुसऱ्या दिवशी बुधवार. नवरात्रातले नऊ दिवस मन मारून बसलेलं अख्खं लालबाग-परळ त्या बुधवारी मासळीवर तुटून पडतं, हे खाणावळ चालवणाऱ्या कुणालाही सांगावं लागत नाही. साडेबाराला बाहेर बाकावर चौदा माणसं थांबलेली. मी गल्ल्यावर. आत सुरमईच्या तुकड्या तव्यावर आणि आमचे मामा तीन शेगड्यांच्या मध्ये उभे.

तेवढ्यात दोघं आले आणि रांगेत न थांबता सरळ गल्ल्यापाशी उभे राहिले. मी म्हटलं, "दादा, नंबर लावा, दहा मिनिटं लागतील." त्यातल्या एकाने खिशातून ओळखपत्र काढलं. अन्न सुरक्षा अधिकारी.

पोटात गोळा आला, खोटं कशाला सांगू. आमची खाणावळ सासऱ्यांनी गिरणी कामगारांसाठी काढली होती. १९८२ च्या संपात गिरणीवाले गेले, पण खाणावळ टिकली. इतक्या वर्षांत गुमास्ता झाला, महापालिकेच्या आरोग्य खात्याचा परवाना झाला, मग उलाढाल बारा लाखांच्या वर गेली तशी एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाची, साधी नोंदणी सोडून राज्य परवाना घेतला. कागद सगळे होते. कागद असले की झालं, अशी माझी समजूत होती. मी पूर्वी एका कंपनीत हिशेब बघायचे, त्यामुळे फाइल चोख ठेवणं मला जमतं.

परवाना भिंतीवर होता, पण विठोबाच्या तसबिरीखाली, आणि तसबिरीच्या हाराने त्याचा खालचा अर्धा भाग झाकलेला. साहेबांनी स्वतः हार बाजूला करून नंबर वाचला. मग बिलबुक मागितलं. २०२२ च्या जानेवारीपासून बिलावर परवान्याचा चौदा आकडी नंबर छापावा लागतो, आणि आम्ही तो छापला होता. साहेबांनी पेनाचं टोक एकेका आकड्यावर ठेवत मोजले. तेरा. छापखान्यात एक शून्य गळलं होतं आणि दीड वर्षात एकाही माणसाच्या ते लक्षात आलं नव्हतं. हिशेब बघणाऱ्या बाईच्यासुद्धा.

"फूड सेफ्टी सुपरवायझर कोण आहेत?"

मी म्हटलं, "मी."

"प्रमाणपत्र?"

ते नव्हतं. दर पंचवीस अन्न हाताळणाऱ्या माणसांमागे एक तरी प्रशिक्षित सुपरवायझर हवा, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. आमची माणसं नऊ. म्हणजे एक हवाच.

तोवर फाइलीतच चाललं होतं. मग ते आत गेले. मुंबईच्या खाणावळीचं स्वयंपाकघर ऑक्टोबरमध्ये, दुपारी पाऊण वाजता कसं असतं, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना वेगळं सांगायला नको. साहेबांनी पिशवीतून पेनासारखं एक यंत्र काढलं, टोकाला लांब सुई. फ्रीजमधल्या पाण्याच्या भांड्यात ते धरलं. अकरा अंश. हवे होते पाच किंवा त्याहून कमी. मी म्हटलं, गर्दी आहे, दार सारखं उघडतंय. त्यांनी काही न बोलता दाराचं रबर बोटाने उचलून दाखवलं. खालच्या कोपऱ्यात चार बोटं फाटलेलं. दारात गोणपाटावर बर्फाची लादी ठेवलेली होती, तिच्याकडे बघून त्यांनी विचारलं, "हा कशासाठी?" मासळीसाठी, मी म्हटलं. आणि त्याच क्षणी आमचा पोऱ्या त्या लादीचे टवके काढून सोलकढीच्या ग्लासांत टाकत होता. आमच्या डोळ्यांदेखत. महाराष्ट्रात २०१८ पासून अखाद्य बर्फात निळा रंग घालायचा नियम का आला असेल, याचं प्रात्यक्षिकच ते.

आणि मग ओट्याखालचा टोप. झाकण काढून साहेबांनी विचारलं, "हे कधीचं?"

मी तोंड उघडायच्या आत मामा पुढे सरसावले. कुडाळचे आहेत, बावीस वर्षं आमच्याकडे. छाती काढून म्हणाले, "सायबांनू, तिखला कालचाच बरा लागता."

खरंच लागतं. बांगड्याचं तिखलं, कोकम आणि तिरफळ घातलेलं, रात्रभर मुरलं की सकाळी त्याला जी चव येते ती ताज्याला येत नाही. आमच्याकडे लोक ते मागून खातात, "कालचं आहे का?" असं विचारून. साहेबांनी सुई खुपसली. चौतीस अंश. रात्री अकराला उतरवलेला टोप दुसऱ्या दिवशी पाऊण वाजेपर्यंत ओट्याखाली.

जाताना त्यांनी आमच्या मसाल्याचा नमुना घेतला. हे सासूबाईंना सगळ्यात झोंबलं. मसाला त्या स्वतः करतात, मे महिन्यात गच्चीवर मिरच्या वाळवून. साहेबांनी नमुन्याचे पैसे दिले, पावती मागितली, चार भाग करून चारही सीलबंद केले, सह्या घेतल्या. एक भाग विश्लेषकाकडे जातो. आई माजघराच्या दारातून सगळं बघत होत्या. ते गेल्यावर म्हणाल्या, "माझ्या मसाल्याला लाख लावून नेली. चोर आहे का मी?"

आठवड्याने सुधारणा नोटीस आली, अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ३२ खालची. नऊ मुद्दे, पंधरा दिवसांची मुदत. सोबत तपासणीची यादी जोडलेली, केटरिंगवाल्यांसाठी असते ती, एकूण ११४ गुणांची. आमचे एकाहत्तर. ८४ च्या खाली श्रेणीच मिळत नाही. त्यातही काही मुद्द्यांपुढे चांदणी असते, त्यांना चार-चार गुण. चांदणीवाला एक जरी चुकला तर बाकीची बेरीज कितीही येवो, नापासच. आमच्या दोन चांदण्या गेल्या होत्या.

दुसऱ्याच दिवशी फोन वाजला. कुठून नंबर मिळाला देव जाणे. "मॅडम, सुपरवायझरचं सर्टिफिकेट हवंय ना? यायची गरज नाही. आधार कार्ड आणि फोटो व्हॉट्सअ‍ॅप करा, दोन दिवसांत हातात." मी किंमत विचारली. हो, विचारली. ह्यांचं म्हणणं होतं, देऊन टाक आणि विषय संपव, दिवाळी तोंडावर आहे. मी मोहात पडलेच होते. पण साहेब जाताना एक प्रश्न विचारून गेले होते आणि तो सुटत नव्हता. आईंनी त्यांना ऐकवलं होतं, "उकाळला काय सगळा मरता." तिखलं वाढायच्या आधी खळखळून उकळतोच की आम्ही. त्यावर ते नुसते म्हणाले, "मरतं. पण जे आधीच तयार झालंय त्याचं काय?" मला उत्तर माहीत नव्हतं. ते कळल्याशिवाय मला चैन पडेना.

प्रशिक्षणाचा वर्ग दादरला एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर होता. एफएसएसएआयचा फॉस्टॅक नावाचा कार्यक्रम २०१७ पासून चालू आहे, त्यातला केटरिंगचा वर्ग. दिवसभर बसायचं, शेवटी परीक्षा, आणि प्रमाणपत्र दोन वर्षं चालतं. आम्ही सव्वीस जण. माटुंग्याच्या उडुपी हॉटेलचे मॅनेजर, अंधेरीला एका खोलीतून चार नावांनी बिर्याणी विकणारा पोरगा, एका शाळेच्या कॅन्टीनच्या ताई, चायनीजच्या गाडीवरून दुकानापर्यंत पोचलेले एक काका. शिकवायला निवृत्त सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ बाई होत्या. खादीची साडी, आवाज वर्गशिक्षिकेचा.

सकाळचे दोन तास हात कसे धुवायचे यातच गेले. मला वाटलं, हे काय शिकायचं? मग त्यांनी आमच्या हाताला कसलंसं मलम लावून नेहमीसारखे धुवायला सांगितले आणि निळ्या दिव्याखाली धरायला लावले. माझ्या अंगठ्याचं मूळ आणि अंगठीखालची जागा चमचम करत होती. अंगठी मी तिथेच काढली. आता ती घरी कपाटात असते.

मग फळ्यावर एक उभी रेघ. खाली ५, वर ६०. "या दोन आकड्यांच्या मधे जंतूंचं सासर-माहेर सगळं आहे," बाई म्हणाल्या. गरम जेवण ६० च्या वर ठेवा, गार ५ च्या खाली. मधून जाताना रेंगाळू नका. चायनीजवाल्या काकांनी हात वर केला: "फ्राइड राइसला भात आदल्या दिवसाचाच लागतो, मॅडम, नाहीतर चिकटतो." तिथून वर्ग रंगला.

बाईंनी सांगितलं ते असं. तांदळात एका जंतूची बीजं असतात, बॅसिलस सिरियस त्याचं नाव. भात शिजवल्याने ती बीजं मरत नाहीत. भात तसाच बाहेर राहिला की ती रुजतात, वाढतात आणि एक विष सोडतात. ते विष कढईत कितीही परतलं तरी जात नाही. तुम्ही जंतू मारता, विष ताटात वाढता. "आदल्या दिवसाचा भात वापरा की," त्या काकांना म्हणाल्या, "पण रात्री तो पसरट ताटात काढून लगेच गार करून फ्रीजमध्ये गेला होता का, ते सांगा." काका गप्प. मीही गप्प, कारण आमच्याकडे रोज सकाळी पोरांचा नाश्ता म्हणजे रात्रीच्या उरलेल्या भाताला फोडणी.

मी बांगड्याचं विचारलं. विचारायचं नव्हतं, तोंडातून निघून गेलं.

बांगडा, कुपा, तारली, पेडवे, या जातीच्या मासळीच्या मांसात हिस्टिडीन नावाचा घटक भरपूर असतो. मासळी मेल्यानंतर उबेत राहिली की जंतू त्याचं हिस्टामिन करतात. ते एकदा झालं की शिजवून जात नाही, तळून जात नाही, बर्फात ठेवून जात नाही. मासळी दिसायला आणि वासाला ठीकसुद्धा असू शकते. खाल्ल्यावर थोड्याच वेळात तोंड लाल होतं, अंगावर गांध्या उठतात, डोकं ठणकतं. "लोकांना वाटतं, ॲलर्जी आहे," बाई म्हणाल्या.

मला आमचे एक काका आठवले. वीस वर्षांचं गिऱ्हाईक, शेजारच्या चाळीतले. दोन वर्षांपूर्वी एकदा जेवून घरी गेले आणि अर्ध्या तासात त्यांचा मुलगा धावत आला, बाबांचं अंग लाल झालंय. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, उतरलं. आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवून टाकलं, काकांना या वयात बांगडा बाधायला लागला. तेव्हापासून ते आमच्याकडे येऊन भाजी-भाकरी खातात आणि बाजूच्या टेबलावरच्या तिखल्याकडे बघत बसतात. ते हिस्टामिनच होतं असं मी शपथेवर नाही सांगू शकत. पण त्या दिवशीचा बांगडा धक्क्यावरून येताना टेम्पो बंद पडला होता, हे मला वर्गात बसल्या बसल्या लख्ख आठवलं. पुढचा अर्धा तास बाई काय बोलल्या ते माझ्या वहीत नाही.

परीक्षा सोपी होती, झाले पास.

घरी आले तर आई आणि मामा एका बाजूला, मी दुसऱ्या. तिखलं बंद करायचं का, हा त्यांचा एकच प्रश्न. "कोकम असताना काय होतंय? तिरफळ कशाला घालतात मग?" आईंचं अगदी खोटं नव्हतं, आंबटाने जंतूंची वाढ मंदावते, बाईही तेच म्हणाल्या होत्या. पण मंदावते, थांबत नाही. मी बाजारातून सुईची तापमापी आणली, आठशे रुपयांची, आणि रात्री अकराला दहा लिटरच्या टोपात टोचून ठेवली. एकला सासष्ट. पहाटे सहाला एकेचाळीस. म्हणजे एकनंतरची जवळजवळ अख्खी रात्र त्या फळ्यावरच्या रेघेच्या मधोमध. मामांनी तोड काढली, टोप गरमच फ्रीजमध्ये सारू. तेही करून पाहिलं. टोप मधून गरमच राहिला, वर फ्रीज चौदावर गेला आणि बाजूची सोलकढी नासली. आमच्या फ्रीजला अकरा अंश का होते, याचं अर्धं उत्तर तिथे मिळालं. दुपारचं उरलेलं आम्ही वर्षानुवर्षं असंच गरमगरम आत सारत होतो.

शेवटी जमलं ते असं. रात्री तिखलं उतरवलं की चार पसरट ट्रेमध्ये काढायचं, दोन बोटांपेक्षा जाड थर नाही. ट्रे बर्फाच्या पाण्यात. दोन तासांच्या आत २१ अंशांवर यायला हवं, मग फ्रीजमध्ये ५ च्या खाली. सकाळी लागेल तेवढंच काढून ७५ पर्यंत तापवायचं, मधोमध सुई टोचून बघायचं, आणि एकदा तापवलेलं परत ठेवायचं नाही. मामा तीन दिवस पुटपुटत होते, "वयनी, सुयो टोचून जेवण रांधूचा काय आता?" चौथ्या दिवशी मी दोन वाट्या आईंसमोर ठेवल्या, एक फ्रीजमधल्या ट्रेची, एक रात्रभर बाहेर ठेवलेल्या तिखल्याची, आणि फक्त वास घ्यायला सांगितला. दुसरी वाटी त्यांनी स्वतः उचलून मोरीत ओतली. बोलल्या काहीच नाहीत. आमच्याकडे याला होकार म्हणतात.

बाकीची कामं भराभर उरकली. फ्रीजचं रबर बदललं. जांभळ्या रंगाचा अन्न सुरक्षा फलक दर्शनी लावला, विठोबाला वेगळा खिळा मारला. टाकीच्या पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत गेला. नऊ जणांची वैद्यकीय तपासणी आणि टायफॉइडची लस, एक पोऱ्या सुईच्या भीतीने गावाला पळाला तो परत आलाच नाही. कोथिंबीर वडी वर्तमानपत्रात बांधून देणं बंद. बिलबुक नवं छापलं, या वेळी चौदा आकडे मी मोजले, ह्यांनी मोजले, मामांनीही मोजले. तळणीचं तेल काळं झालं की एक माणूस कॅन घेऊन यायचा आणि रोख पैसे देऊन न्यायचा, त्याला नाही म्हटलं. ते तेल कुठे जातं हे त्याला कधी विचारलं नव्हतं. आता विचारलं तर हसला नुसता.

सोळाव्या दिवशी साहेब परत आले. या वेळी पावणेअकराला, गर्दीच्या आधी. फ्रीज चार अंश, बर्फाच्या दोन वेगळ्या पेट्या, ट्रे, सगळं पाहिलं. मी अभिमानाने तापमानाची वही पुढे केली. सकाळ-दुपार-रात्र, तीन रकाने, शाळकरी अक्षरात.

त्यांनी चार पानं उलटली आणि वही माझ्याकडे फिरवली. "मॅडम, या तीन दिवसांत प्रत्येक वेळेला चारच अंश? तेही एकाच पेनाने?" मग शांतपणे म्हणाले, "फ्रीज इतका शिस्तीचा नसतो."

खरं होतं. दिवाळीच्या त्या तीन दिवसांत फराळाच्या ऑर्डरी होत्या, वही राहून गेली आणि मी नंतर एका बैठकीत रकाने भरले. हिशेबाची सवय, रिकामा रकाना बघवत नाही. कानापर्यंत लाल झाले मी. त्यांनी शेरा लिहिला, त्या नोंदीचे गुण कापले. रिकामं सोडलं असतं तर इतकं वाईट वाटलं नसतं. एकूण आले सत्त्याण्णव. समाधानकारक. चांदण्या दोन्ही सुटल्या. मसाल्याचा अहवालही आला होता, प्रमाणित. आईंनी तो कागद मागून घेतला आणि मसाल्याच्या बरणीमागे उभा करून ठेवला. अजून तिथेच आहे.

वही आता मामांकडे आहे. त्यांच्या आकड्यांत तीन, पाच, सहा, एकदा नऊ असं काहीही असतं, आणि नऊच्या पुढे लिहिलेलं असतं, "लाइट गेली व्हती."

काकांना मी सगळं सांगितलं, बाधलं ते कशाने असेल तेही. ते ऐकून घेऊन म्हणाले, "म्हणजे मी दोन वर्षं फुकट भाजी खाल्ली?" डॉक्टरांना विचारून या म्हटलं, ते गेलेत की नाही माहीत नाही, पण मागच्या शुक्रवारी त्यांनी तिखलं मागवलं आणि मी गल्ल्यावरून त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले, ते हात धुवून पैसे देईपर्यंत.

मासळी आणायला पहाटे भाऊच्या धक्क्यावर आता ह्यांच्याबरोबर मामाही जातात. तापमापी शर्टाच्या खिशात पेनासारखी खोचलेली. पहिल्या दिवशी त्यांनी नेहमीच्या कोळीण मावशींच्या पाटीतल्या बांगड्याला सुई टोचली तेव्हा मावशी कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "काय रं, माझ्या म्हावऱ्याला ताप आलाय का?"

"इलो हा," मामा म्हणाले, "बर्फ घाल."